तिसरं तळं

माझ्या मावसबहिणीवर मी जळत होते. आज हे सरळ लिहिता येतंय, पण स्वतःशी कबूल करायला मला आठ-नऊ वर्षं लागली.

ती माझ्याहून आठ वर्षांनी लहान. बारावीनंतर साताऱ्याहून पुण्याला शिकायला आली तेव्हा आमच्याच घरी राहिली, माझ्याच खोलीत. मी तेव्हा सर्व्हेयर म्हणून नोकरीला लागले होते. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याबरोबर साइटवर यायची. लेव्हलचं यंत्र कसं लावायचं, त्यातला बुडबुडा मधोमध कसा आणायचा, स्टाफ म्हणजे आकडे रंगवलेली ती उंच पट्टी सरळ कशी धरायची, हे सगळं तिला मी शिकवलं. ती पटकन शिकायची. घरी आल्यावर मी आईला सांगायची, "पोरीचा हात बघ किती स्थिर आहे." तेव्हा त्या हाताचं कौतुक करायला मला काही जड जात नव्हतं.

पुढे माझं लग्न झालं, नवऱ्याला मेलबर्नला आयटीत नोकरी मिळाली आणि आम्ही इकडे आलो. इथे आल्यावर मी होबार्टच्या विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेला पत्र लिहिलं. उपग्रहांवरून अंटार्क्टिकाच्या बर्फाची उंची मोजण्याचं त्यांचं काम होतं आणि मला पीएचडी करायची होती. त्यांनी जागा देऊ केली. तोवर मला सातवा महिना लागला होता. मी एक वर्ष मागून घेतलं, त्यांनी दिलं. आणि वर्ष संपताना मीच त्यांना नकार कळवला.

मला कोणी अडवलं नव्हतं. नवरा म्हणत होता, "जाऊ या की होबार्टला. माझं काम घरून होतं." आई सहा महिने येऊन राहायला तयार होती. मीच घाबरले. पस्तिशीला आल्यावर बाविशीच्या मुलांशेजारी बसायचं, सगळ्यांसमोर उभं राहून बोलायचं, कोणीतरी प्रश्न विचारणार, आणि मला उत्तर आलं नाही तर? ही भीती मी तान्ह्या मुलीच्या नावावर खपवली. सगळ्यांना सांगितलं, बाळ लहान आहे.

दोन वर्षांनी मावसबहिणीचा फोन आला. "ताई, तू होबार्टला लिहिलं होतंस ना? मी लिहू का तिथे?"

"लिही की," मी म्हटलं. "माझं नाव सांग."

तिने लिहिलं आणि तिला जागा मिळाली. पहिल्याच दिवशी प्राध्यापिका तिला म्हणाल्या, "तुझी बहीण आली नाही, पण तू आलीस, छान झालं." हे तिने मला फोनवर हसत सांगितलं. मीही हसले. फोन ठेवल्यावर मी सिंकपाशी गेले आणि रॅकमधली धुतलेली भांडी काढून पुन्हा धुतली.

तिला मिळालेला विषय होता बर्फाखालच्या तळ्यांचा. अंटार्क्टिकात दोन-तीन किलोमीटर जाड बर्फाच्या तळाशी जमिनीच्या उबेमुळे आणि बर्फ घासत सरकतो त्यामुळे थोडा थोडा बर्फ वितळतो. ते पाणी खोलगट जागी साठतं. ही तळी भरतात, मग एखादं रिकामं होतं आणि त्याचं पाणी बर्फाखालून वाट काढत दुसऱ्या तळ्यात जातं. वरून पाणी कोणालाच दिसत नाही. फक्त रिकाम्या होणाऱ्या तळ्यावरचा बर्फ काही मीटर खाली बसतो आणि भरणाऱ्या तळ्यावरचा वर उचलला जातो. उपग्रहातून लेसर सोडून ती उंची मोजायची आणि खालचं पाणी कुठून कुठे गेलं ते ओळखायचं, हे तिचं काम. पीएचडी झाल्यावर तिला तिथेच नोकरी मिळाली.

माझं काम घरांच्या फरशा मोजायचं. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला ट्रुगानिनाला राहतो. आमच्या बाजूची माती चिकण, पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात वाळून बसते. नव्या हाउसिंग इस्टेटमधल्या घरांची काँक्रीटची फरशी त्याबरोबर वर-खाली होते, मग दारं अडकतात, भिंतींना तडे जातात. अशा घरात मी दर तीन महिन्यांनी जाते, ठरलेल्या खुणांवर स्टाफ धरते, किती मिलिमीटर फरक पडला ते लिहून देते. चांगलं काम आहे. लोक चहा देतात, कुत्र्याला बांधून ठेवतात, जाताना नो वरीज म्हणतात.

पण पुण्याहून आईचा फोन यायचा. "मावशीने पेढे वाटले गं."

"कशाबद्दल?"

"अगं, लेकीचं नाव कुठल्याशा मासिकात छापून आलं."

नाव तर माझंही छापून यायचं, प्रत्येक रिपोर्टच्या खाली, सहीसकट. हे मी आईला सांगितलं नाही. कुणी पेढे वाटण्यासारखं ते नव्हतंच.

मुलगी अकरा वर्षांची झाली त्या वर्षी जुलैच्या सुट्टीत मावसबहीण आठवडाभर आमच्याकडे राहायला आली. थंडी होती, वारा नेहमीसारखा सुटलेला. मी थालीपिठं लावत होते. मुलीने तिला विचारलं की तू नक्की करतेस काय. ती उठली, आतून गोधडी घेऊन आली, ताटं बाजूला सरकवून डायनिंग टेबलावर पसरली आणि खाली दोन्ही हात घातले.

"ही गोधडी म्हणजे बर्फ. आता बघ." डावीकडची मूठ तिने हळूहळू सैल केली. गोधडीवरचा उंचवटा बसला. मग उजवीकडे दुसरा उंचवटा वर यायला लागला.

मुलगी वाकून पाहत होती. "सो नोबडी कॅन सी द वॉटर? एव्हर?"

"कोणीच नाही. आपण फक्त गोधडी बघायची."

"आणि पाणी डाउनहिलच जातं ना?"

"तीच तर गंमत. बर्फाचं वजन एवढं असतं की तो दाबेल तिकडे पाणी जातं. कधी कधी चढावरसुद्धा."

नवऱ्याने जेवण थांबवलं होतं. मुलीचा चेहरा असा झाला होता की मी तो आधी कधी पाहिला नव्हता, निदान माझ्यासाठी तरी नाही. ती माझ्याकडे वळली आणि अगदी सहज म्हणाली, "ममा, हाउ कम यू ओन्ली डू फ्लोअर्स?"

"अगं, तुझ्या आईनेच मला मोजायला शिकवलंय," मावसबहीण घाईने म्हणाली.

मुलीचा प्रश्न मी गिळला असता. बहिणीने मला सावरून घेतलं ते मात्र गिळता येईना. तव्यावरचं थालीपीठ करपलं, ते मी स्वतःच्या ताटात घेतलं.

शाळा सुरू झाल्यावर मुलीने प्रोजेक्ट केला. तुम्हाला कोणाचं कौतुक वाटतं, असा विषय होता. तिने या मावशीचा, माझ्या मावसबहिणीचा, फोटो लावून पोस्टर केलं, खाली निळ्या स्केचपेनने तळी काढली, आणि शाळेतून परत आल्यावर ते आमच्या फ्रिजवर लावलं. दूध काढायला गेलं की मावशी हसायची. तिसऱ्या आठवड्यात मी काउन्सिलचं कचऱ्याच्या बिनचं कॅलेंडर त्यावर लावलं. कुठला बिन कुठल्या आठवड्यात बाहेर काढायचा ते कळायला नको का. मुलीने ते काढून बाजूला लावलं.

सप्टेंबरात मावसबहिणीचा फोन आला. आवाज उत्साहाने भरलेला.

"ताई, एक बघशील? मला तीन तळ्यांची साखळी सापडलीय. वरचं रिकामं होतं तेव्हा मधलं भरतं. मधलं रिकामं झालं की तिसरं. आमच्या त्या भागात अशी कोणी दाखवलेली नाही. डिसेंबरात मेलबर्नलाच परिषद आहे, तिथे मांडणार आहे. त्याआधी तुझी नजर एकदा फिरू दे."

नजर या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. तिने एक म्हटला, मला दुसरा ऐकू आला.

पुढच्या रविवारी दुपारी नवरा मुलीला पोहायला घेऊन गेला होता. त्या सकाळीच तिने पाठवलेले आलेख आणि आकडे मी लॅपटॉपवर उघडले. पहिली दोन तळी स्वच्छ होती, त्यात खोट काढायला जागा नव्हती. तिसऱ्यापाशी मी थांबले. तिथली वाढ लहान होती आणि बरीचशी जुन्या उपग्रहाच्या वर्षांतली होती. मी त्या उपग्रहाच्या फेऱ्या नकाशावर काढून पाहिल्या. तो दर वेळी अगदी त्याच रेषेवरून जात नव्हता, रेषा थोडी थोडी बाजूला सरकत होती. आणि तिथला बर्फ सपाट नव्हता, आडवा उतार होता.

जमीन मोजणाऱ्या माणसाला हे पहिल्या वर्षी कळतं. उतारावर स्टाफ दर वेळी त्याच खुणेवर धरला पाहिजे. दोन पावलं वरच्या अंगाला धरला तर आकडा बदलतो आणि वाटतं की जमीन वर आली. जमीन जागच्या जागी असते, आपण सरकलेलो असतो. तिसरं तळं भरत नव्हतं. बहुधा तिथे तळंच नव्हतं.

मला आनंद झाला. हे लपवून लिहिण्यात अर्थ नाही. एवढा आनंद मला त्या वर्षात कशानेच झाला नव्हता. मी उठून चहा केला, उभ्यानेच प्यायले, परत येऊन आकडेमोड पुन्हा केली. उत्तर तेच.

मग मी तिला मेल लिहिलं. "मस्त झालंय. आलेखावरची अक्षरं जरा मोठी कर, मागच्यांना दिसणार नाहीत."

पाठवलं आणि स्वतःला समजवायला बसले. तिच्या प्राध्यापिका आहेत, त्या बघतील. मी कोण, फरशा मोजणारी. माझंच चुकत असेल. यातल्या एकाही वाक्यावर माझा विश्वास नव्हता. तरी तीन महिने मी ती वाक्यं बाळगली. या काळात ती दोनदा फोनवर बोलली, आणि दोन्ही वेळा मी विषय पुण्याच्या घराच्या गळतीवर नेला.

परिषदेला तिने आम्हाला आग्रहाने बोलावलं. "ये ना ताई, पिल्लूलाही आण. मला धीर येईल." मी अर्धा दिवस रजा टाकली. मी धीर द्यायला जात नव्हते, हे मला गाडीत बसतानाच माहीत होतं.

सभागृह फार मोठं नव्हतं. मुलगी हट्टाने पुढे बसली, मी तिच्याशेजारी. मावसबहिणीने गडद हिरवा कुर्ता घातला होता. ती छान बोलली. पहिलं तळं, दुसरं तळं. आलेखावरची अक्षरं मोठी केलेली होती. मग तिसरं आलं.

बोलणं संपल्यावर पलीकडच्या रांगेतल्या एका बाईंनी हात वर केला. पन्नाशीच्या असाव्यात, मांडीवर विणकाम होतं. त्यांनी शांतपणे इंग्रजीत विचारलं, "जुन्या वर्षांतल्या रेषा तिथे किती सरकल्या होत्या? आणि आडवा उतार तुम्ही वेगळा काढलाय का?"

ती पडद्याकडे वळली. बराच वेळ पाठमोरीच राहिली. तिचे कान लाल झाले होते. पुण्यात वडीलधारं कोणी रागावलं की व्हायचे तसे. मग ती सभागृहाकडे वळली.

"नाही काढला," ती म्हणाली. "काढायला हवा होता. तुम्ही म्हणताय तसं असेल तर तिसरं तळं तिथे नाहीये. मी तपासते आणि तुम्हाला कळवते."

त्या बाईंनी मान हलवली आणि सुया पुन्हा उचलल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या, नेहमीच्या. मुलगी माझ्या कानाशी लागली, "इज शी इन ट्रबल?"

मी ज्याची वाट बघत होते ते घडलं होतं. पण त्याने मला जे मिळायचं होतं ते मिळालं नाही. ज्या क्षणाच्या भीतीने मी होबार्टला गेले नाही, नेमका तोच क्षण माझ्यासमोर तिच्यावर आला होता, आणि ती त्यातून दोन मिनिटांत सरळ उभी राहून बाहेर पडली होती. इतकंच होतं ते. तिच्या नोकरीपेक्षा, छापून आलेल्या नावापेक्षा, त्या दोन मिनिटांचा मला जास्त हेवा वाटला.

बाहेर कॉफीच्या टेबलापाशी मुलगी लॅमिंग्टन केक घ्यायला गेली. मावसबहीण माझ्याजवळ आली.

"ताई, तुला हे दिसलं नव्हतं?"

नाही म्हणता आलं असतं. तिने विश्वास ठेवला असता.

"दिसलं होतं," मी म्हटलं.

"कधी?"

"तू पाठवलंस त्याच रविवारी."

तिने कप खाली ठेवला. "मग?"

"मग काही नाही. सांगितलं नाही."

"का?"

"मला तुझा हेवा वाटतो. बरीच वर्षं."

आजूबाजूला लोक हसत-बोलत होते. तिने माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, तेच मला लागलं.

"ते मला माहीत होतं, ताई," ती म्हणाली. "पण तू ते आकड्यांत आणशील असं वाटलं नव्हतं."

मुलगी प्लेट घेऊन परत आली होती आणि तिने शेवटचं ऐकलं होतं. तिला मराठी बोलायचा कंटाळा आहे, समजतं सगळं. घरी परतताना वेस्ट गेट ब्रिजवर गाडी आली तेव्हा तिने विचारलं, "यू न्यू?"

"हो."

"दॅट्स मीन, ममा."

घरापर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. जेवताना बापाला सांगेल असं वाटलं, पण तिने सांगितलं नाही. शेवटी मीच सांगितलं. तो म्हणाला, "तिला लिही."

मी चार दिवसांनी लिहिलं. प्रत्येक फेरीची रेषा किती सरकली, उतार किती, तो वजा केला की काय उरतं, सगळं तक्त्यात मांडलं. शेवटी लिहिलं की माझ्या वागण्याला माझ्याकडे काही सबब नाही, मला वाईट वाटतंय. उत्तर एका शब्दाचं आलं. "मिळालं."

उन्हाळा तसाच गेला. माती वाळली, तडे गेले, मला कामं भरपूर होती. आई विचारायची, "हल्ली तुमचं बोलणं नाही का?" मी म्हणायची, दोघी बिझी आहोत. मावसबहिणीनेही तिच्या आईला तेच सांगितलं असावं. जानेवारीत मुलीचा वाढदिवस झाला तेव्हा होबार्टहून पार्सल आलं, मुलीच्या नावाने. आत तळ्यांचा नकाशा होता, हाताने काढलेला. त्यावर तीन नव्हे, दोनच तळी होती.

मार्चमध्ये तिचा फोन आला. हाय-हॅलो नव्हतं.

"तिसरं तळं काढून टाकलं. मग प्रश्न पडला की मधल्या तळ्यातलं पाणी गेलं कुठे. ते गेलेलं तर दिसतंय. दोन महिने शोधलं. ते सरळ खाली गेलंच नाही, वळलंय. उत्तरेला बर्फाचा दाब कमी आहे, तिकडे. तिथे एक तळं आहे, त्याच सुमाराला भरलंय. नव्या उपग्रहाचे आकडे आहेत, उतार काढूनसुद्धा टिकतंय."

"कोणाच्या नकाशावर आहे का ते?"

"नाही. आता येईल." ती थांबली. "तुझ्या तक्त्यातली पद्धत वापरली. आभारात तुझं नाव टाकलंय. नको असेल तर सांग."

"राहू दे," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी बॅकयार्डात जाऊन बसले. माझ्यामुळे तिचं नुकसान झालं असतं तर माफी मागून, भरपाई करून कधीतरी मोकळी झाले असते. पण तिचं भलंच झालं होतं. आधीच्यापेक्षा चांगलं काहीतरी तिच्या हाती लागलं होतं, तेही तिच्या स्वतःच्या कष्टाने, आणि माझ्या पोटात पुन्हा दुखायला लागलं होतं. फक्त या वेळी मी त्याला दुसरं नाव दिलं नाही. नवरा बाहेर आला तेव्हा त्याला म्हटलं, "तिला नवं तळं सापडलं. मला जळफळाट होतोय." तो म्हणाला, "बरं. चहा करू?"

ईस्टरला ती आली. स्वतःहून, मुलीशी परस्पर ठरवून. पहिला दिवस आम्ही एकमेकींशी भाजी, मीठ, टॉवेल एवढंच बोललो. दुसऱ्या दिवशी आर्वोमध्ये, म्हणजे दुपारी, ती लॅपटॉप घेऊन डायनिंग टेबलापाशी आली आणि माझ्या समोर बसली. येत्या उन्हाळ्यात ती प्रत्यक्ष बर्फावर जाणार होती, त्या तळ्याच्या वर यंत्रं लावायला. कुठे लावायची, त्याची यादी तिने केली होती.

"ताई, अजून जळतेस?"

मी तिच्याकडे बघितलं. ती गंमत करत नव्हती आणि भांडतही नव्हती.

"हो."

"मी ते डिसेंबरचं विसरणार नाहीये."

"नको विसरू."

"मग हे नीट तपास," ती म्हणाली आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला.

मी दोन तास बसले. मुलगी मध्ये येऊन डोकावून गेली, मावशीच्या खुर्चीच्या हातावर बसली, परत गेली. मला दोन गोष्टी खटकल्या आणि त्या मी तिथल्या तिथे सांगितल्या. एका ठिकाणी यंत्र तळ्याच्या काठापासून फार आत धरलं होतं. ते तिने लगेच मान्य केलं. दुसऱ्या ठिकाणावरून आमचा वाद झाला. आवाज चढले, नवरा दारात येऊन परत गेला. शेवटी तिने कागद घेऊन दाब कसा बदलतो ते मांडलं, ओळीमागून ओळ. मी शेवटपर्यंत वाचलं.

तिचं बरोबर होतं. मी तसं म्हटलं.